अनुभव धागा : जुन्या गाड्या आणि उघडा हौदा

परवा एक नवी पिकअप पाहिली. आत टीव्हीएवढा स्क्रीन, आणि हौदा कांद्याच्या दहा गोण्यांत भरेल एवढाच. मला आमची मॅटॅडोर आठवली. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची. २००५ पासून ती कंपनी फोर्स मोटर्स झाली, पण आपण आजही मालाच्या कुठल्याही गाडीला ‘टेम्पो’च म्हणतो. तिची पुढची चाकं गाडी ओढायची, खालून शाफ्ट मागे जात नसे, म्हणून हौद्याचा तळ पार खाली. ४० लिटरचा दुधाचा कॅन वडील एकटे आत सरकवायचे. इंजिन दोन सीटांच्या मधे, झाकणाखाली. थंडीत त्या झाकणावर बसून मी शाळेत जायचो. वर्गात चड्डीला डिझेलचा वास. तुमच्याकडे काय होतं? लिहा.

*

सातारा-कोरेगाव, वडाप, म्हणजे सीटं भरून नेणारी जीप, मी चालवायचो. जीपमध्ये पुढं माझ्यासकट पाच, मागं किती ते विचारू नका. गिअर टाकायचा तर शेजारच्या पाव्हण्याला म्हणायचं, “पाय घ्या जरा.” फॅनचा पट्टा तुटला की जुन्या ट्यूबची चकती कापून चढवायची, स्टँडपर्यंत पोचायचं. बॉनेट उघडलं की खालची जमीन दिसायची हो!

*

आम्ही नारायणगावला टोमॅटो नेतो. जुन्या गाडीच्या हौद्याचे फाळके, म्हणजे कडेच्या फळ्या, तिन्ही बाजूंनी खाली पाडता यायचे. मी एकीकडून, हे दुसरीकडून, क्रेट भराभर खाली. नवी गाडी दिसायला छान. गेल्या जुलैत एका सेन्सरपायी रस्त्यातच बसली. इंजिन ठणठणीत, पण गाडी ऐकेना. मेकॅनिक आला तो लॅपटॉप विसरून. पोचलो तोवर लिलाव आटोपला होता.

*

जरा थांबा मंडळी. मामांनी पॉवर स्टिअरिंगशिवाय २० वर्षं वरंधा घाट केला, उजवा हात आज डोक्यावर जात नाही. आणि माझा पुढचा अर्धा दात लोखंडी डॅशबोर्डवर गेलाय. सीटचा पट्टा कुठला, धरायला कडीसुद्धा नव्हती. आठवणी ठेवा, गाड्या नकोत.

*

टेक्सासहून. इथे शेजाऱ्याकडे जुना पिकअप आहे, ८ फुटी हौद्याचा. प्लायवूडचा ४ बाय ८ चा अख्खा तक्ता त्यात आडवा मावतो. नव्या चार दारांच्या गाडीत हौदा साडेपाच फूट, बॉनेट माझ्या छातीला. बाहेरून येणाऱ्या छोट्या ट्रकवर १९६४ पासून २५ टक्के कर, त्यामुळे लहान गाड्या फारशा आल्याच नाहीत. आता हौशी लोक जपानमधून २५ वर्षांपूर्वीचे ६६० सीसीचे चिमुकले ट्रक मागवतात. मला ते बघून आपला छोटा हत्तीच आठवतो.

*

वडिलांची मुंबईत पद्मिनी टॅक्सी होती. गिअरची दांडी स्टिअरिंगलाच. गावी जाताना वर कॅरिअरवर गादी, ट्रंक, एकदा आईचं शिलाई मशीन. ऑक्टोबर २०२३ मध्ये शहरातली शेवटची पद्मिनी टॅक्सी टॅक्सीच्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेच्या नियमाने थांबली, त्या दिवशी ते जेवायला उशिरा बसले.

*

झाकणावर बसणारे दादा, ती मॅटॅडोर आहे का अजून?

*

आहे, गोठ्यामागं. चालू होते. डाव्या दिव्याची काच मिळत नाही. कुणाकडे पडून असली तर कळवा.