प्रतिसाद: शॉटलिस्ट पुरते का?
शॉटलिस्ट (घ्यायच्या शॉटची लेखी यादी) असली की स्टोरीबोर्ड (प्रत्येक शॉटचं चौकटीत काढलेलं चित्र) कशाला, असं एकाने म्हटलंय; ते मत मुलाखतीच्या शूटपुरतं ठीक. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांच्या (मिरवणुकीत उभ्या धरून नेतात त्या उंच काठ्यांच्या) मिरवणुकीला ते लावू नका. रस्त्याच्या एका कडेने शूट केलं तर मिरवणूक डावीकडून उजवीकडे जाते. कॅमेरा पलीकडे नेला की तीच उलटी. एडिटला हे दोन शॉट जोडले की नंदीध्वज माघारी फिरल्यासारखे वाटतात. शॉटलिस्टमध्ये नुसतं 'मिरवणूक, लाँग शॉट (लांबून घेतलेला)' असतं, दिशा कुठे कळते? आम्ही स्टोरीबोर्डच्या प्रत्येक चौकटीत दिशेचा बाण काढतो, माणसं काडीची असली तरी चालतात. रस्त्याची कड बदलायचीच असेल तर मध्ये थेट समोरून येणाऱ्या नंदीध्वजाची चौकट घालायची, मग खटकत नाही.

आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये शूट असेल तर चौकटीखाली आवाजाची ओळ हवीच. त्या खडखडाटात संवाद रेकॉर्ड करणं विसरा.