मोटरसायकल-कार धडक, चूक दोघांची: भरपाई किती कापतात?

सड्यावरचा: कुडाळजवळ जोडरस्त्यावरून मुंबई-गोवा महामार्गावर येताना चुलतभावाच्या मोटरसायकलला कारची धडक बसली. मागे वहिनी होती. दोघांचेही पाय मोडले. भाऊ न थांबता वळला हे खरं, पण भर पावसात कारही सुसाट होती. कारच्या विमा कंपनीचा माणूस म्हणतो, "फिफ्टी-फिफ्टी धरा, सही करा. नाहीतरी लायसन्स नव्हतं, कोर्टात काही मिळणार नाही." काय करावं?

कोर्टाची पायरी: सही अजिबात नको. कोणाची किती टक्के चूक हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण पुराव्यावरून ठरवतं, विमा कंपनी नाही. आधी पूर्ण नुकसान मोजतात: औषधपाणी, बुडालेली कमाई, कायमचं अपंगत्व, वेदना. ते 6 लाख निघालं आणि भावाची चूक 30 टक्के ठरली, तर 1 लाख 80 हजार वजा होऊन 4 लाख 20 हजार आणि वर व्याज मिळतं. लायसन्स नाही म्हणून निष्काळजीपणा आपोआप सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सुधीरकुमार राणा प्रकरणात (2008) सांगितलंय.

वहिनींचा अर्ज मात्र स्वतंत्र लावा. त्या गाडी चालवत नव्हत्या. दोन चालकांच्या चुकीत तिसरा जखमी झाला, तर तो पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून मागू शकतो (सर्वोच्च न्यायालयाचा खेन्येई निकाल, 2015). भावाचे टक्के त्यांच्या रकमेतून कापले जात नाहीत. दोघांची मिळून एकच तडजोड केली की नेमकं इथेच नुकसान होतं.

घाटवळण: सगळा खेळ घटनास्थळ पंचनाम्याचा आहे. नक्कल काढून बघा: रस्त्याची रुंदी, काचा कुठे पडल्या, धडकेनंतर गाड्या कुठे थांबल्या, जोडरस्त्याच्या तोंडापासून किती अंतरावर. ब्रेकच्या खुणा आपल्याकडच्या पावसात तासाभरात धुऊन जातात, त्यामुळे वेगाचा मुद्दा फोटो, सीसीटीव्ही आणि साक्षीदारांवर उभा राहतो. जवळच्या पेट्रोल पंपाचं, हॉटेलचं चित्रण आजच मागा, जुनं आपोआप पुसलं जातं. आरटीओची तपासणी होईपर्यंत गाडी गॅरेजला देऊ नका.

सड्यावरचा: एफआयआर भावावरच झालाय. मग?

कोर्टाची पायरी: एफआयआर हा शेवटचा शब्द नसतो, न्यायाधिकरण चूक स्वतंत्रपणे तपासतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खालच्या भरपाईच्या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, ती पाळा. तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही अर्ज चालतो. कलम 164 खाली चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, आणि हाड मोडणं त्यात येतं. पण विमा कंपनीकडून ते घेतले की 166 चा दावा संपतो. म्हणून आधी डॉक्टरांकडून अपंगत्वाचं प्रमाण काढून घ्या, मगच ठरवा.