अर्काआधी डॉक्टर

ताई, भाच्याला एमडी या नशेच्या पावडरीची सवय लागलीय, मेंदू वाचावा म्हणून अश्वगंधा-हळदीचा अर्क देऊ का, असं तुम्ही विचारलंय. इंदूरला भंवरकुआंजवळ माझं औषधाचं दुकान आहे. हॉस्टेलमधल्या मुलांचे आईवडील हेच विचारत येतात, म्हणून कळकळीने लिहितो.

अशा अर्कांनी मेंदू वाचतो म्हणून ज्या प्रयोगांच्या बातम्या फिरतात ते बहुतेक उंदरांवरचे, तेही मेथाम्फेटामिन या दुसऱ्या नशेच्या पदार्थाचे. आपल्याकडची एमडी म्हणजे सहसा मेफेड्रोन, वेगळं रसायन. मेथाम्फेटामिनमुळे डोपामिन, म्हणजे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन, मज्जापेशीच्या आतच सांडतं, त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि तंतूंची टोकं खराब होतात. अंग तापलं की नुकसान आणखी वाढतं. हळदीतल्या कर्क्युमिनने प्राण्यांत ते कमी झालेलं दिसलंय, खरं आहे. पण अशा प्रयोगांत अर्क बहुधा नशेच्या आधी किंवा सोबतच देतात, वर्षभर पावडर ओढून झाल्यावर नव्हे! शिवाय तोंडाने घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं पोचतं.

अश्वगंधेच्या डबीवर ‘नैसर्गिक’ छापलेलं असतं, पण तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि झोपेच्या गोळ्यांसोबत गुंगी वाढू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नका देऊ. भाच्याला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, आजच फोन करा.