मदत हवी आहे: घोडीचा महिन्याचा खर्च आवाक्यात कसा आणावा? (सोलापूर)

केगावचा_तबेला
नमस्कार मंडळी. घराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये एक काठेवाडी घोडी आहे, सात वर्षांची. तुळशीच्या लग्नापासून जूनपर्यंत वरातीला जाते, पावसाळाभर दावणीला उभी. रोजचा खुराक असा: हरभरा २ किलो, गव्हाचा कोंडा २ किलो, हिरवा लसूणघास १५ किलो, कडबा खाईल तेवढा. खुराक बारा महिने हाच. नाल दर महिन्याला नवे, जंताचं औषध दर दोन महिन्यांनी. कडबा लागेल तसा आणतो. माणसाचा पगार सोडून पंधरा हजारांच्या घरात जातात. घोडी खंगू न देता यातलं काय कमी करता येईल? एक जण म्हणाला हरभरा बंद करा, गाईची कांडी पेंड आणि हत्ती गवत सुरू करा. चालेल का?

दाणावैरण
कांडी पेंड आजच्या आज विसरा. गुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते पचतं, पण घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याने निकामी होतात. थोड्या मात्रेनेही जनावर जातं आणि त्यावर उतारा नाही. पोत्यावर सगळं छापलेलं असेलच असं नाही. सरकी पेंडही नको.

आता खर्चाचं. आधी घोडीचं वजन काढा, त्याशिवाय खुराक ठरवता येत नाही. काट्यावर न्यायची गरज नाही, लांब कापडी टेप पुरे. पुढच्या पायांच्या मागून, मान संपते तिथल्या पाठीच्या उंचवट्यावरून छातीचा घेर घ्या. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी घ्या. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८७७. उदाहरणार्थ घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर ३४४ किलो.

साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा आहार लागतो, म्हणजे सव्वापाच ते सात किलो. त्यातला मोठा भाग वैरणच हवी. उभ्या घोडीला दाण्याची गरज जवळजवळ नसते. तुम्ही पावसाळ्यातही चार किलो दाणा-कोंडा घालताय, खर्च तिथेच वाहतोय.

केगावचा_तबेला
टेप लावला. घेर १६४, लांबी १५१. म्हणजे ३४२ आलं. आता नेमकं किती घालू?

दाणावैरण
उभी असताना: कडबा ५ किलो, लसूणघास ७ ते ८ किलो, हरभऱ्याची चुनी (डाळ करताना उरणारा चुरा) अर्धा किलो, कोंडा अर्धा किलो, खडा मीठ ३० ग्रॅम, खनिज मिश्रण ३० ग्रॅम. कामाच्या दिवसांत यावर दीड किलो भरडा: निम्मा जव, निम्मा हरभरा. एका वेळी दीड किलोच्या वर दाणा घालू नका, दोन-तीन वेळांत वाटा.

याचा हिशेब बघा. कोंडा महिन्याला ६० किलोवरून १५ वर येतो, घास ४५० वरून सव्वादोनशेवर, आणि पावसाळ्यात ६० किलो हरभऱ्याच्या जागी १५ किलो चुनी.

बदल एका दिवसात करायचा नाही. दहा-बारा दिवस घ्या, रोज थोडं जुनं कमी आणि थोडं नवं जास्त. आतड्यातले जिवाणू नव्या खुराकाला सरावायला वेळ घेतात. घाई केली की पोटशूळ, आणि एका पोटशुळाच्या बिलात सहा महिन्यांची बचत जाते.

दुसरं: लग्नाची तारीख नसलेल्या दिवशी दाणा निम्म्यावर आणा. पूर्ण दाणा खाऊन दोन-तीन दिवस उभी राहिलेली घोडी एकदम चालवली की कमरेचे आणि मांड्यांचे स्नायू लाकडासारखे होतात, घाम फुटतो, लघवी कॉफीच्या रंगाची होते. तसं दिसलं तर ढकलत घरी आणू नका, जागेवर उभी ठेवून डॉक्टरांना बोलवा.

बार्शी_रोड
कोंड्याबद्दल भर घालतो. आपल्याकडे कोंडा म्हणजे हलका आहार असा समज पक्का बसलाय. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापट असतो. रोज दोन किलो घातला तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं, नाकाच्या वरची हाडं फुगतात, चालताना पाय दुखतात. हत्ती गवताचंही तेच दुखणं, वेगळ्या वाटेने: त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. तुमच्या लसूणघासातलं कॅल्शियम हे सगळं सांभाळत होतं. म्हणून घास निम्मा करा, बंद नको. कोंडा आधी कापा.

उसाचे वाढे (हिरवे शेंडे) कारखाने चालू असताना स्वस्त मिळतात, म्हणून विचाराल. त्यांतही ऑक्झॅलेट असतं. तीन-चार किलोपर्यंत, ताजे, चुन्याची निवळी शिंपडून. आंबूस वास आला तर उकिरड्यावर.

मोहोळची_वैरण
कडबा लागेल तसा घेता, हा तोटाच की ओ. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात, तेव्हाच वर्षाचा भरायचा. जूनमध्ये सगळेच शोधायला लागतात. मंगळवेढ्याकडचा मालदांडीचा मिळाला तर बघा, ताट गोड असतं आणि जनावर उष्टं कमी टाकतं.

शेकड्याचा भाव ऐकून घेऊ नका. दहा पेंढ्या काट्यावर टाका आणि किलोचा भाव काढा, कारण पेंढीचा आकार गावागणिक बदलतो. ५ किलोने वर्षाला १८२५ किलो, वाया जाणारं धरून दोन टनांच्या थोडं वर. पेंढी दोन किलोची निघाली तर साधारण साडेदहा शेकडे.

हिरवी कोवळी ज्वारी मात्र घोडीला अजिबात नाही. पाऊस ओढ देतो तेव्हा कोवळ्या धाटात आणि फुटव्यात विष जास्त उतरतं. घोड्याची मागची बाजू लुळी पडते, लघवी थेंबथेंब गळत राहते.

पागेतला_पाहुणा
कडबा कुट्टी करून द्यावा का? डेअरीवाले बारीक करतात.

मोहोळची_वैरण
करा, पण बोटाच्या दोन पेरांएवढी लांब. गाईसारखी बारीक केली की घोडा न चावता गिळतो आणि घशात अडकते. आणि कडब्यावर ठेवलेल्या घोडीला पाणी कमी पडलं तर आतडं तुंबतं. रोज ३० ते ४० लिटर, एप्रिल-मेच्या उन्हात ५० च्या पुढे. सिमेंटची टाकी सावलीत ठेवा, उन्हात तापलेलं पाणी ती पुरेसं पीत नाही.

वैरण जमिनीवर टाकू नका. तुडवून वाया जाते, वर मातीही पोटात जाते. छातीच्या उंचीला गव्हाण करा.

नाल_आणि_खूर
दर महिन्याला नवा नाल कशासाठी? खूर महिन्याला जेमतेम ८ ते १० मिलिमीटर वाढतो. सहा आठवड्यांनी नाल काढून खूर तासायचा. नालाची जाडी निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर तोच पुन्हा ठोकायचा, खिळे तेवढे नवे. पावसाळ्यात काम नाही, तर नाल काढूनच टाका. तासणं मात्र चुकवू नका. ते लांबवलं की टाच दबते, पायाच्या मागच्या स्नायुबंधावर ताण येतो, आणि लंगडी घोडी ऐन लग्नसराईत घरी बसते. पावसात खुराच्या तळाला कुजका वास आला तर रोज कोरून कोरडं करा, शेडमध्ये पाचट किंवा भुसा टाका.

बार्शी_रोड
जंताचं औषध दर दोन महिन्यांनी देणं म्हणजे पैसे जातात आणि जंतही औषधाला सरावतात. वर्षातून दोनदा ताजी लीद डब्यात घालून जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात तपासायला द्या. अंडी जास्त निघाली तरच औषध, तेही वजनाप्रमाणे, तोंडाने. गाईला देतात ते आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन घोड्याला टोचायचं नाही, गाठी येऊन सडतात. धनुर्वाताची लस मात्र दरवर्षी, तिथे काटकसर नाही.

आणि खाऊनही घोडी वाळत असेल तर दाणा वाढवत बसू नका. लिदीत अख्खा हरभरा दिसला तर दातांचे काटे तासून घ्या, वर्षातून एकदा तोंड उघडून बघायलाच हवं. अधूनमधून ताप, पोटाखाली आणि पायांना सूज असेल तर माश्यांमुळे होणारा सर्रा असू शकतो, रक्त तपासा. वरातीला जाताना स्वतःची बादली न्या. दुसऱ्याच्या बादलीत पाणी पाजणं ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाच्या भीतीने तरी टाळा. त्यावर उपचार करत नाहीत, लागण निघाली तर घोडा मारावाच लागतो.

केगावचा_तबेला
नाल आणि जंताचं आजपासून बदलतो. कडबा या फेब्रुवारीत भरतो, पण पावसात ठेवू कुठे? शेड १२ बाय १५ ची, घोडीच जेमतेम मावते.

मोहोळची_वैरण
शेडच्या बाहेर बुचाड (पेंढ्यांचा ढीग) रचा. खाली दगड आणि लाकडं टाकून एक फूट उंच करा, नाहीतर बुडच्या दोन थरांना ओल चढते. पेंढ्यांची बुडखं बाहेर, शेंडे आत, आणि मधली बाजू चढती ठेवत जा म्हणजे पाणी बाहेर निथळतं. वरून ताडपत्री, पण चारी बाजू आवळून झाकू नका, आत घाम धरून काळी बुरशी येते. काढताना पेंढी झटकून बघा. काळी पूड उडाली तर ती पेंढी बाजूला टाका, बुरशीच्या कडब्याने घोड्याला दमा लागतो.