वरचं बीपी १६५, खालचं ७०: आईला गोळी द्यावी का?

कराडकर:
आई ७८ वर्षांची. घरच्या मशीनवर वरचं १६५च्या आसपास, खालचं ७०. डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी लिहून दिलीय, पण ती घ्यायला तयार नाही. "खालचं बरोबर आहे ना? वयाला एवढं चालायचंच!" शेजारचे काका तर 'वरचं बीपी वय अधिक शंभर इतकं चालतं' सांगून गेले. काय करावं?

निवृत्त सिस्टर:
काकांना चहा पाजा, हिशेब विसरा. उतारवयात मोठ्या रक्तवाहिन्या ताठर होतात, म्हणून वरचं चढतं आणि खालचं उतरतं. खालचं कमी म्हणून निर्धास्त राहू नका, पक्षाघाताला वरचं एकटंही पुरतं. ऐंशी ओलांडलेल्यांवर हायव्हेट नावाचा अभ्यास झाला होता, २००८ साली छापून आला. वरचं १५०पर्यंत आणायचं धरून औषध दिलं, तर मृत्यूही कमी झाले आणि हार्ट फेल्युअरही.

पण आधी मोजता कसं ते सांगा. आमच्या ओपीडीत म्हातारी माणसं जिना चढून धापा टाकत यायची नि लगेच दंड पुढे करायची. लघवीला जाऊन आल्यावर पाच मिनिटं पाठ टेकून बसवा. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. चहा होऊन अर्धा तास गेलेला असावा. आणि मोजताना बोलायचं नाही, सुनेबद्दल तर नाहीच. पट्टा दंडाचा आहे की मनगटाचा?

कराडकर:
मनगटाचा. आणखी एक, सकाळी उठल्यावर तिला भोवंडतं. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी आणून घेते.

निवृत्त सिस्टर:
हे डॉक्टरांना सांगितलंत का? त्या गोळीनं बीपी चढतं, किडनीलाही त्रास होतो. भोवळीसाठी आधी झोपवून मोजा, मग धरून उभं करा आणि एक मिनिटानं, तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचं २० किंवा जास्त उतरलं तर आकडे लिहून दाखवा, डोस ठरवताना ते लागतात. पुढे अ‍ॅम्लोडिपिननं घोटे सुजले तर परस्पर बंद करू नका, कळवा.

माणदेशी:
मिठाचंही बघा. आमच्या दादांनी वरचं मीठ सोडलं, पण खारातली मिरची आणि पापड रोज ताटात! मी लो-सोडियम मीठ आणलं, तर डॉक्टरांनी थांबवलं. त्यात पोटॅशियम असतं, आणि दादांना टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी चालू, वर क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा रक्तातला आकडा) वाढलेलं. दोन्हींमुळे रक्तात पोटॅशियम साठू शकतं.

निवृत्त सिस्टर:
बरोबर केलं त्यांनी. कराडकर, मशीन दंडाचं घ्या, आईच्या दंडाच्या मापाचा पट्टा बघून. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजून वही घेऊन जा, आणि मशीनही सोबत न्या, डॉक्टरांच्या मशीनशी ताडून बघतील.