२०१८चा लॅपटॉप : एसएसडी व रॅम वाढवावी, की ग्राफिक्ससाठी नवाच घ्यावा?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात घरबांधणीचे नकाशे करून देणारा स्थापत्य अभियंता आहे. माझ्याकडे २०१८ साली घेतलेला १५.६ इंची लॅपटॉप असून त्यात इंटेल कोअर आय५-८२५०यू प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर४ रॅम, ५४०० आरपीएमची १ टीबी हार्ड डिस्क आणि एनव्हिडियाचे एमएक्स१५० हे २ जीबीचे ग्राफिक्स आहे. आजवरचे काम मुख्यतः ऑटोकॅडमधल्या द्विमितीय नकाशांचे होते आणि ते निभावत होते.

आता दोन अडचणी आहेत. विंडोज ११ घातल्यापासून लॅपटॉप सुरू होऊन कामाला लागेपर्यंत पाच-सहा मिनिटे जातात आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवरून खाली येत नाही. दुसरे म्हणजे, घरमालक हल्ली नकाशाबरोबर ‘थ्रीडी व्ह्यू’ही मागतात, त्यामुळे स्केचअपमध्ये मॉडेल करून रेंडर (मॉडेलवरून तयार होणारे खऱ्यासारखे चित्र) काढावे लागते आणि तेथे हे यंत्र अक्षरशः मान टाकते.

येथील एका दुकानदाराने ‘ग्राफिक कार्ड बदलून देतो, सोळा हजार होतील’ असे सांगितले. दुसऱ्याने लॅपटॉप भंगारात काढण्याचा सल्ला दिला. मला दोन्ही पटलेले नाही. जुन्यावर बारा हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. नवा घ्यावाच लागला तर ऐंशी-पंच्याऐंशी हजारांपलीकडे जाता येणार नाही.

जुनाखोका

आपल्या दोन अडचणींची कारणे वेगळी आहेत. पहिली या लॅपटॉपमध्येच सुटेल, दुसरी सुटणार नाही. दुकानदारांनी दोन्हींचे एकच गाठोडे बांधल्यामुळे एकाला सगळे बदलावेसे वाटले आणि दुसऱ्याला सगळे फेकावेसे.

५४०० आरपीएमची तबकडी सेकंदाला ९० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, शिवाय हेडला त्या जागी सरकायला वेळ लागतो तो वेगळाच. त्यामुळे विखुरलेल्या लहान लहान फाइली वाचायच्या असतील तर अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आतबाहेरच वाचने करू शकते, आणि विंडोज सुरू होताना नेमकी हजारो लहान वाचने होत असतात. एसएसडीत (चिपांवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये) फिरणारे काहीच नसल्याने साटा या जुन्या जोडणीची साधी एसएसडीदेखील तेवढ्याच वेळात हजारो वाचने उरकते. साटाची कमाल गती सेकंदाला सुमारे ५५० एमबी आणि पीसीआयई ३.० या वेगवान जोडणीवर चालणाऱ्या एनव्हीएमई ड्राइव्हची सुमारे ३५०० एमबी असली, तरी रोजच्या कामात हार्ड डिस्क ते साटा ही उडी जेवढी जाणवते तेवढी साटा ते एनव्हीएमई ही जाणवत नाही.

मात्र मागवण्यापूर्वी आपल्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल वाचावे. त्या काळातल्या अनेक लॅपटॉपांत एम.२ खाच (पट्टीसारखी एसएसडी बसवण्याची जागा) होती, पण काहींत ती फक्त साटासाठी जोडलेली असे. मी स्वतः न वाचता एनव्हीएमई ड्राइव्ह मागवला होता; तो व्यवस्थित बसला, स्क्रूही आवळला, आणि बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी दिसणाऱ्या सेटिंगमध्ये) मात्र काहीच दिसेना.

ग्राफिक्सबाबत स्पष्टच लिहितो. आपल्या लॅपटॉपचा प्रोसेसर आणि एमएक्स१५० ही चिप, दोन्ही मदरबोर्डवर सोल्डर केलेली असतात. डेस्कटॉपसारखे काढून घालण्याचे कार्ड तेथे नसतेच. सोळा हजारांत नेमके काय बदलणार, हे त्या दुकानदाराला अवश्य विचारावे.

विंडोज ११साठी इंटेलची आठवी पिढी ही अधिकृत खालची मर्यादा आहे आणि आपला प्रोसेसर त्याच पिढीचा असल्यामुळे यादीत बसतो. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने ही जमेची बाजू लहान नाही. भंगाराचा सल्ला मला म्हणूनच मान्य नाही.

तारतम्य

वरील मताशी सहमत आहे. रॅम आणि नव्या लॅपटॉपविषयी भर घालतो.

या श्रेणीतल्या लॅपटॉपांत बहुधा ४ जीबी रॅम बोर्डवर सोल्डर केलेली आणि उरलेली एकाच स्लॉटमध्ये असते. तसे असेल तर स्लॉटमध्ये ८ जीबीची पट्टी घालून १२ जीबी होतील. १६ जीबीची घातल्यास २० जीबी. दोन्हीकडच्या क्षमता सारख्या नसल्या तर ड्युअल चॅनेल (दोन मार्गांनी एकाच वेळी रॅम वाचण्याची सोय) बंद पडतो हा समज चुकीचा आहे. इंटेलच्या या प्रोसेसरांत जुळणारा भाग, म्हणजे येथे ४ अधिक ४ जीबी, दोन चॅनेलांवर चालतो आणि केवळ वरचा भाग एका चॅनेलवर. पट्टी डीडीआर४ एसओ-डिमच (लॅपटॉपच्या आखूड आकाराची) हवी. डीडीआर५ची पट्टी त्या खाचेत बसत नाही. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले असल्याने आपल्या मर्यादेत ५०० जीबी एसएसडी आणि ८ जीबीची जुनी पट्टी हेच गणित जमेल असे वाटते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला लॅपटॉपमधून काढलेल्या पट्ट्या मिळतात. अशी पट्टी घेतल्यास मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर रात्रभर चालवून पाहावे.

एसएसडी टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या) प्रकारची घ्यावी. लिहिण्याच्या मर्यादेची धास्ती मात्र घेऊ नये : ५०० जीबीच्या चांगल्या ड्राइव्हला ३०० टेराबाइट लिखाणाची हमी असली आणि आपण रोज ४० जीबी लिहिले, तरी हिशेब वीस वर्षांच्या पुढे जातो.

रेंडरिंगचे काम वाढून नवा लॅपटॉप घेण्याची वेळ आलीच, तर कार्डाच्या नावाआधी दोन आकडे पाहावेत : ग्राफिक्स चिपची मेमरी आणि त्या चिपला मिळणारे वॅट. आरटीएक्स ४०५० लॅपटॉप चिपला ६ जीबी मेमरी असते, तर ४०६० आणि २०२५मध्ये आलेल्या ५०५०ला ८ जीबी. दृश्यातले टेक्श्चर, झाडे आणि फर्निचर ही सारी त्या मेमरीत मावावी लागतात. मावली नाहीत तर काम रखडते किंवा मध्येच बंद पडते. शिवाय ४०५० आणि ४०६० या चिपा ३५ ते ११५ वॅट एवढ्या रुंद पट्ट्यात विकल्या गेल्या, त्यामुळे सडपातळ लॅपटॉपमधली ४०६० ही जाडजूड लॅपटॉपमधल्या ४०५०पेक्षा मागे पडू शकते. (आपल्या एमएक्स१५०चेही २५ वॅट आणि १० वॅट असे दोन प्रकार एकाच नावाने बाजारात आले होते. तेव्हाही खोक्यावर हा फरक सहसा लिहिलेला नसे.)

माळरान

बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडण्याचा पर्याय येथे कोणी मांडला नाही. थंडरबोल्ट ३ हे वेगवान पोर्ट नसेल तर एम.२ खाचेतूनही ते जोडता येते.

तारतम्य

येते, पण मग एसएसडीसाठी असलेली खाच त्यात जाते. त्यातच कार्ड, वेगळा वीजपुरवठा आणि लॅपटॉपबाहेर लोंबणारी केबल हे सारे घेऊन साइटवर फिरायचे, हे अभियंत्याला कितपत परवडेल? हौस म्हणून जरूर करावे.

माळरान

मान्य. मग बिनखर्चाचा मार्ग सुचवतो. व्ही-रे किंवा ब्लेंडरचे सायकल्स ही रेंडर काढणारी सॉफ्टवेअर प्रोसेसरवरही रेंडर करू शकतात. त्यात ग्राफिक्सच्या २ जीबीची अडचण येत नाही, कारण दृश्य मुख्य रॅममध्ये भरले जाते. वाढवलेली रॅम तेथेही कामी येते. वेळ पुष्कळ लागतो, परंतु एका घराचे दोन-तीनच व्ह्यू द्यायचे असतील तर मी रात्री लावून ठेवतो आणि सकाळी पाहतो. त्याआधी पंखा साफ करून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलावी. आठ वर्षे साइटची धूळ खाल्लेला लॅपटॉप तापला की स्वतःच गती उतरवतो, आणि दोष मात्र प्रोसेसरच्या माथी येतो.

आणखी एक बाब : एमएक्स१५० ज्या पास्कल पिढीचे आहे, त्या पिढीच्या जीफोर्स चिपांचे नेहमीचे ड्रायव्हर एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५पासून थांबवले असून ऑक्टोबर २०२८पर्यंत केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याचे जाहीर केले आहे. त्यामुळे या ग्राफिक्सवर फार दूरचे बेत आखू नयेत.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. मागचे झाकण उघडून पाहिले : ४ जीबी सोल्डर केलेली, ४ जीबी स्लॉटमध्ये. मॅन्युअलनुसार एम.२ खाच साटा आणि एनव्हीएमई दोन्ही घेते. डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये मात्र हार्ड डिस्क पिवळ्या रंगात दिसते आणि ‘रिअलोकेटेड सेक्टर’चा आकडा शून्य नाही. अशा स्थितीत विंडोज जसेच्या तसे नव्या ड्राइव्हवर क्लोन करावे का?

जुनाखोका

करू नये. त्या डिस्कचे काही भाग निकामी झाले आहेत आणि क्लोन करताना ती आरंभापासून अखेरपर्यंत वाचावी लागेल. त्या ताणाखाली ती मध्येच बसली तर नकाशेही जातील. आजच्या आज नकाशांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी काढाव्यात, आणि त्या उघडून पाहिल्यानंतरच पुढचे पाऊल टाकावे. नंतर एसएसडीवर विंडोज नव्याने घालावे. सध्याची प्रत डिजिटल परवान्यावर सक्रिय असेल तर तो परवाना मदरबोर्डशी बांधलेला असल्याने डिस्क बदलली तरी इंटरनेट जोडताच पुन्हा सक्रिय होईल. जुनी डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने कुलूपबंद असल्यास तिची रिकव्हरी की आधीच लिहून ठेवावी. ऑटोकॅडमधूनही साइन आउट करून घ्यावे.

जुनी डिस्क साठवणुकीसाठी आत ठेवण्याचा मोह टाळावा. तिच्या जागी हवी तर पुढे २.५ इंची साटा एसएसडी बसवता येईल.

रॅम किंवा ड्राइव्हला हात लावण्यापूर्वी बॅटरीचे कनेक्टर काढावे. केवळ लॅपटॉप बंद करणे पुरेसे नाही. आणि एम.२ ड्राइव्ह दाबून धरणारा बारीक स्क्रू आपल्या बोर्डवर आहे का, ते आताच पाहून ठेवा. ड्राइव्हच्या खोक्यात तो मिळेलच असे नाही.

कृष्णाकाठ

स्क्रू नाही. बरे झाले विचारलेत. नकाशांची पहिली प्रत आता निघते आहे, एकवीस टक्के झाली.