मदत हवी आहे : छापखान्याचे खिळे वितळवून पागासाठी शिशाच्या गोळ्या
पागाच्या (फेकून मासे पकडायच्या गोल जाळ्याच्या) घेराला लावायच्या वजनाच्या गोळ्या घरी ओतण्यासाठी मी बंद पडलेल्या छापखान्यातील खिळे (छपाईच्या अक्षरांचे धातूचे ठसे) वितळवले. त्यांत शिशाबरोबर अँटिमनी आणि कथील असल्यामुळे गोळ्या साच्यातून सुबक निघाल्या, परंतु दोरीवर पकडीने दाबताच चिरा जाऊन फुटल्या. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, हा मिश्रधातू मात्र त्याआधीच पातळ झाला. दाबल्यावर न फुटण्याइतका मऊपणा येण्यासाठी एक किलो खिळ्यांमागे शुद्ध शिसे किती घालावे? बॅटरीतील शिसे विषारी वायूंच्या भीतीने वापरणार नाही. वर साचणारी राखाडी मळी काढून टाकावी, की मेण घालून ढवळावी? (चूल उघड्या अंगणात, मुलांपासून दूर असते आणि साचा आधी तापवून कोरडा करतो, पाण्याच्या एका थेंबाने उसळलेले शिसे एकदा पाहिले आहे.)